बिबट्या आणि करडू

(आगमनकाळातील दुसरा रविवार : यशया ११:१-१०, मत्तय ३:१-१२)



आजचे पहिले वाचन आपल्या उपासनेत तीन वर्षांतून एकदा येते. इशायाच्या कुळातून एक नवा कोंब उगवेल, त्याच्यावर परमेश्वराचा आत्मा राहील, तो गोरगरिबांचा खरा न्याय करील. आणि त्याच्या राज्यात लांडगा, सिंह, अस्वल, नाग ही सारी माणसाच्या आणि गुराढोरांच्या शेजारी निर्धास्त नांदतील, असे यशया संदेष्टा सांगतो. त्या यादीत बिबट्याही आहे. तो शेळीच्या करडाजवळ पहुडलेला आहे. आपल्या मराठी बायबलात तेथे 'चित्ता' असा शब्द वाचायला मिळतो, पण मूळ हिब्रू शब्द बिबट्याचा आहे आणि त्या देशाच्या डोंगरांत बिबटे होते. म्हणजे यशयाने ज्याचे नाव घेतले तो आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे.

मागच्या खेपेला हे वाचन झाले त्या रविवारी मिस्सानंतर आम्ही दाराशी उभे होतो. वस्तीवरच्या एक आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "फादर, आमच्या करडापाशी बिबट्या बसला व्हता की परवा. सकाळच्याला करडू नव्हतं." सगळे हसले. आम्हीही हसलो. मागाहून मात्र मनाला लागले, की आम्ही केलेल्या प्रवचनात या आजींसाठी काहीच नव्हते. शांती, सलोखा, राष्ट्राराष्ट्रांतील युद्धे असे पुष्कळ बोललो होतो. बिबट्याबद्दल अवाक्षर नव्हते. ती उणीव आज भरून काढायची आहे.

विषय आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या परिसरात, सुमारे तीन आठवड्यांत तीन जीव बिबट्याने घेतले. त्यांत दोन मुले होती. त्याच नोव्हेंबरात आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही आईबापांच्या डोळ्यांदेखत घरे उजाड झाली. तेव्हापासून वस्तीवर प्रार्थनेला गेलो की माणसे एकच प्रश्न विचारतात: जंगलातले जनावर जंगलात का राहत नाही? ते असे का वागायला लागले?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. आपल्या जुन्या माणसांना आठवते त्याप्रमाणे बिबट्या म्हणजे अकोल्याकडच्या डोंगरांतले, हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या बाजूचे जनावर. खाली ज्वारी-बाजरीचा माळ होता. उन्हाळ्यात तेथे सशालाही सावली मिळत नसे, मग बिबट्या कशाला येईल? १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना ब्रिटिश अमदानीतच उभा राहिला. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्याच्या मागोमाग एकेक तालुका उसाखाली गेला. या पाण्याने आणि या उसाने आपल्या लोकांना भाकरी दिली, मुलांना शाळा दिली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या मळ्यांवर राबले आहेत. उसाला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

पण बिबट्याच्या नजरेने उसाचा फड पाहा. माणसाच्या दुप्पट उंच, आत गारवा, चारीचे पाणी हाकेच्या अंतरावर, आणि महिनोन् महिने आत कोणी पाऊल टाकत नाही. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने उभा असतो. तेवढ्यात मादी विते, पिल्ले वाढतात, शिकार शिकतात. उसात जन्मलेल्या त्या पिल्लाला विचारले, तुझे जंगल कोणते, तर ते गट नंबरच सांगेल! त्याने दुसरे काही पाहिलेलेच नाही. ते जंगल सोडून आलेले नाही. ते आपल्या शिवारातले आहे, आपल्यासारखेच.

ही आमची कल्पना नव्हे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, याचा अभ्यास केला. शेतांच्या बांधांवर, पायवाटांवर आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे लावले. तो सारा शेतीचा मुलूख, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसांची वस्ती, जंगल नाही, हरीण-सांबर नाही. तरीही तेथे शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले, आणि तेवढीच तरसे! एवढ्या दाट वस्तीत माणसांवरचे हल्ले मात्र फारच क्वचित होते.

मग हे बिबटे खात काय होते? त्यांच्या विष्ठेतील केस तपासून शोध घेतला तेव्हा दिसले, की त्यांच्या खाण्याचा ८७ टक्के भाग पाळीव आणि गावठी जनावरांचा होता. सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्यांचा अवघा ११ टक्के. त्या भागात कुत्र्यांच्या सातपट शेळ्या होत्या, तरीही! असे का? कारण शेळी रात्री गोठ्यात असते, दाराला कडी असते, धनी जवळ झोपलेला असतो. कुत्रे उकिरड्यावर मोकळे असते. बिबट्या मोकळे सापडेल ते नेतो. ही एवढीशी गोष्ट कृपया लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

पुढे काही बिबट्यांच्या गळ्यात पट्टे घालून त्यांचा माग काढला गेला. दिवसा हे प्राणी घरांपासून लांब उसात पडून राहत. रात्री, माणसे झोपल्यावर, घरांच्या अगदी जवळून जात. आपण सारे गाढ झोपेत असतो आणि तो आपल्या ओट्यापासून वीस-पंचवीस मीटरवरून निघून जातो. हे ऐकून अंगावर काटा येतो हे खरे. पण पवित्र शास्त्र जाणणाऱ्या माणसाला यात काही नवल वाटू नये. स्तोत्र १०४ वाचून पाहा. रात्र झाली की रानातील जनावरे बाहेर पडतात, देवाजवळ आपले अन्न मागतात. सूर्य उगवला की ती आपल्या गुहांत परततात आणि माणूस संध्याकाळपर्यंत आपल्या कामाला जातो. एकच जमीन, दोघांसाठी दोन पाळ्या. स्तोत्रकर्त्याला त्यात परमेश्वराचे शहाणपण दिसले. आपल्या शिवारात बिबट्या अजून ती पाळी बऱ्याच अंशी पाळतो. तिच्यात घोळ झाला तो आपल्या बाजूने. मोटारीला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मग आपला शेतकरी रात्री दोन वाजता वाकून दारे धरतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. या बाबतीत शेतकऱ्याचा काय दोष?

परिस्थिती बदलली की जनावराचे वागणे कसे बदलते याची एक कटू साक्ष जुन्नरची आहे. तेथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ च्या फेब्रुवारीत मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली. हेतू चांगला होता. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली. पकडून हलवण्यामुळेच हे घडले असावे, असे अभ्यासकांचे म्हणणे पडले. विचार केला तर पटते. पिंजऱ्यात कोंडलेले, जखमी, बिथरलेले जनावर अनोळखी मुलुखात सोडले. त्याला पाणी ठाऊक नाही, वाटा ठाऊक नाहीत, माणसे कधी जागी असतात ते ठाऊक नाही. आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा धरायला दुसरा तरुण बिबट्या आलाच. आपली अडचण उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकली की ती सुटत नाही. तिकडचा माणूसही आईचाच मुलगा असतो.

आपल्या पारनेर तालुक्यातली 'आजोबा'ची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल, त्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. २००९ च्या उन्हाळ्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला काढले, गळ्यात पट्टा घालून माळशेजच्या जंगलात सोडले. तो तेथे थांबला नाही. जवळजवळ महिनाभर दिवसा दडून, रात्री चालून, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, खाडी पोहून, शंभराहून अधिक किलोमीटर अंतर तोडून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत लाखो माणसांच्या वस्त्या लागल्या; त्याने एकालाही ओरखडा काढला नाही. २०११ मध्ये एका वाहनाच्या धडकेने तो रस्त्यावर मेला.

ज्या बिबट्याने माणूस धरला त्याला पकडावेच लागते, याविषयी आमचे दुमत नाही. लेकरू गमावलेल्या आईपुढे उभे राहून बिबट्याच्या बाजूने बोलण्याचे धाडस कोणी करू नये. आणि आणखी एक गोष्ट कोणी करू नये. अशा एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो असता कोणीतरी हळूच म्हणाले, "देवाचा कोप, दुसरं काय." यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात नगरावर टपून बसलेल्या बिबट्याचा उल्लेख लोकांच्या पापाच्या संदर्भात येतो, तो आम्हाला ठाऊक आहे. पण शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, या प्रश्नाला प्रभू येशूने स्पष्ट नकार दिला. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. मेलेल्या लेकराच्या माथी पाप मारणे हे आपल्या प्रभूच्या शिकवणीत बसत नाही. त्याच ठिकाणी प्रभू ऐकणाऱ्यांना मात्र सांगतो, की तुम्ही पश्चात्ताप करा.

आजच्या शुभवर्तमानात योहान बाप्तिस्माही हेच सांगतो. तो रानात राहतो, टोळ आणि रानमध खातो. परुशी लोकांना तो सापांची पिल्ले म्हणतो, आणि नुसते बोलणे नको, पश्चात्तापाला शोभेल असे फळ दाखवा, अशी मागणी करतो. बिबट्याला पश्चात्ताप करता येत नाही. त्याच्या अंगावरचे ठिपके त्याला बदलता येत नाहीत, हे यिर्मयानेच दुसऱ्या जागी म्हटले आहे. परिसर जसा शिकवतो तसा तो वागतो. आपण उकिरडा उघडा ठेवला, तो उकिरड्यावर यायला शिकला. आपण पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकल्या, तो ओढ्याला यायला शिकला. त्याच्या वागण्यात जो बदल झाला आहे त्यात आपल्या हातांचे ठसे आहेत.

संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या चरित्रकथांत गुब्बिओ नगराच्या लांडग्याची हकिकत आहे. तो माणसे मारू लागला होता, लोक वेशीबाहेर पडेनात. फ्रान्सिस त्याच्याकडे गेले, त्याला बंधू म्हणाले आणि त्याच्या अपराधांबद्दल खडसावलेही. पण भुकेपायी तू हे केलेस हेही त्यांनी ओळखले. मग दोन्ही बाजूंचा करार ठरला: नगराने त्याला रोज खाऊ घालावे, त्याने कोणाला इजा करू नये. दोघांनीही शब्द पाळला. आपली गंमत अशी, की गुब्बिओच्या लोकांनी लांडग्याला ठरवून खाऊ घातले, आपण बिबट्याला न ठरवता रोज खाऊ घालतो आणि करार मात्र काहीच नाही. आम्ही कोणाला बिबट्यापुढे ताट मांडायला सांगत नाही. उलट मांडलेले ताट उचला. मेलेले जनावर खोल पुरा. लग्नाच्या, जत्रेच्या, आणि होय, आपल्या देवळाच्या सणाच्या जेवणावळीचे खरकटे उघड्यावर टाकू नका. गेल्या सणाला देवळामागेच पत्रावळींचा ढीग दोन दिवस पडून होता आणि कुत्र्यांची झुंड जमली होती. ती चूक आमचीच, कबूल करतो.

सध्या तोडणी सुरू आहे. फडात पिल्ले सापडली तर त्यांना हात लावू नका, फोटोसाठी उचलून घरी आणू नका. तोड थांबवा, लांब व्हा आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. पिल्ले त्याच जागी राहिली तर मादी बहुधा रात्री येते, मानेला धरून एकेकाला घेऊन जाते. नेली नाहीत तर शांत. पिल्ले नाहीशी झाली तर ती शोधत फिरते, आणि पिल्ले शोधणारी आई कशी असते हे सांगायला नको.

आता त्या कडी लावलेल्या दाराकडे येतो. यशयाच्या चित्रात हिंस्र जनावरांच्या मधोमध एक लहान मूल आहे. ते त्यांना वळते. दुसरे एक तान्हे नागाच्या बिळाशी खेळते, आणि त्याला काही होत नाही. देवाचे राज्य आले हे ओळखायची संदेष्ट्याची खूण ती आहे: त्या देशातले सर्वांत लहान मूल सुरक्षित आहे. आपल्या शिवारात आज सर्वांत असुरक्षित मूल कोणाचे? बंगल्यातले नव्हे. गावठाणातलेही नव्हे. दिवाळीनंतर बीड, पाथर्डी, शेवगावकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास, कालव्याच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे तीन-चारला आईबाप कोयता घेऊन फडात जातात. मागे कोपीत सात-आठ वर्षांची बहीण तान्ह्या भावाला सांभाळत असते. आणि कोपीला दार नसते. पाचट, बांबू, वर प्लॅस्टिकचा कागद, तोंडाशी लोंबणारे पोते. बाहेर टायरगाडीचे बैल, एखादे कुत्रे, आणि शंभर पावलांवर उभा ऊस.

बांधाच्या अलीकडे आपली शेळी कडीच्या आत आहे. पलीकडे माणसाचे लेकरू पोत्याच्या आड आहे. बेथलेहेमात ज्याला घरात जागा मिळाली नाही त्याच्या स्वागताची तयारी आपण या चार आठवड्यांत करीत आहोत. बंधू-भगिनींनो, याहून अधिक आम्ही काय बोलावे?

पालक समितीत यावर बोलणे झाले आहे. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत कोप्यांचे तीन तळ पडले आहेत. धर्मशिक्षकांनी जाऊन मोजणी केली: एकंदर एकेचाळीस कोप्या, त्यांत पाच वर्षांखालची सव्वीस मुले. मुकादमांशी बोललो, त्यांची हरकत नाही. प्रत्येक कोपीला पत्र्याचे एक झडपाचे दार आणि आतून कडी, असे तरुण मंडळाने करायचे ठरवले आहे. तळावर उजेडासाठी सौर दिवे घेऊ. आपल्या घरी जुने पत्रे, लाकडी चौकटी, बिजागऱ्या, कड्या पडून असतील तर येत्या रविवारी मिस्साला येताना आणा. जड सामान असेल तर नाव देऊन ठेवा, ट्रॅक्टर फिरवू. वेल्डिंगचे काम करणाऱ्या आपल्या दोघा भावांनी मजुरी घेणार नाही असे सांगितले आहे, त्यांना शनिवारी हाताखाली चार माणसे लागतील. ज्या आजींमुळे हे चिंतन लिहिले गेले त्यांनी पहिली कडी आणून दिली आहे. गोठ्याची जुनी आहे, पण चांगली दणकट आहे.

नाताळगीतांच्या पथकांनी या वर्षी वस्त्यांवर संध्याकाळी साडेपाचला निघावे आणि आठच्या आत परतावे. लहान मुले मध्ये, मोठी माणसे पुढे-मागे, बॅटऱ्या चालू. गात गात चला, गप्प चालू नका; आवाज ऐकला की तो आपली वाट बदलतो. तिन्ही तळांवरही गाणी म्हणायची आहेत. तेथे मुले लवकर झोपतात, म्हणून पथकाने आधी तेथे जावे आणि मग आपल्या घरांकडे वळावे.